फर्मिनकाकांची राहिलेली सही

मित्रांनो, मी एक जुने दार आहे, पण अडाणी नाही. माझ्या आतल्या अंगावर चाळीस वर्षांचा बेसबॉल लिहिलेला आहे.

सान पेद्रो गावातल्या साखर कारखान्याजवळ तेओदुलो न्हाव्याने दुकान थाटले आणि महोगनीच्या फळ्या जोडून मला चौकटीत बसवले. मी बाहेरच्या बाजूला उघडते आणि भिंतीला टेकून राहते, त्यामुळे दिवसभर माझी आतली बाजू रस्त्याला दिसते. पहिल्याच वर्षी कारखान्यातले फर्मिनकाका दाढी करून घेताना एका खेळाडूवरून इतके भांडले, की तेओदुलोने वस्तरा खाली ठेवला आणि कानामागची पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"बडबड पुरे! दारावर लिही. मोसम संपला की बघू, कोण किती शहाणा ते."

तिथून रीतच पडली. ऑक्टोबरमध्ये सामने सुरू होण्याआधी माझ्यावर भाकीत लिहायचे. ते खोटे ठरले, तर सगळ्यांसमोर त्याखाली ‘चुकलो’ लिहून सही करायची. खोडायचे मात्र कोणीही नाही.

सर्वांत जास्त भाकिते फर्मिनकाकांची. काटकुळ्या नेल्सिदोला सगळे झाडू म्हणत, तेव्हा काकांनी लिहिले, ‘हाच झाडू मैदान साफ करील.’ त्याने अंतिम सामन्यात चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवून होमरन मारला आणि काका तोंडाला फेस तसाच ठेवून रस्त्यात नाचले. पुढच्या वर्षी त्यांनी लिहिले, ‘बेनितो जाडा आहे, पळणार नाही.’ बेनितो मोसमभर हरणासारखा पळाला. काका सही करताना पुटपुटले, "जाडा आहेच. फक्त पळतो."

आता रादामेसची गोष्ट. तो शेजारच्या गल्लीतला डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. एकदा काकांनी त्याच्यादेखत माझ्या मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘रादामेस आपल्या गावाचा सर्वांत मोठा पिचर होणार.’ तो लाजला होता. त्याला अमेरिकेतल्या एका संघाने नेले आणि दुसऱ्याच वर्षी त्याचे कोपर गेले. शस्त्रक्रिया झाली, पण हात पूर्वीसारखा झाला नाही. तो परत येऊन बस चालवू लागला.

सगळे म्हणाले, "फर्मिन, सही कर."

काका म्हणाले, "मोसम अजून संपलेला नाही."

असे म्हणत त्यांनी अकरा वर्षे काढली. त्यांना वाटे, ही आपली निष्ठा. मला मात्र दुसरेच दिसत होते. रादामेस रोज कोपऱ्यापर्यंत यायचा, माझ्याकडे बघायचा आणि मागच्या गल्लीने घरी जायचा. मला तोंड असते तर मी सांगितले असते.

शेवटी त्याची आई मिलाग्रोस दुकानात आली.

"फर्मिन, माझ्या पोराचा राग आहे का तुला?"

"राग? अगं, मी एकटाच तर त्याच्यावर विश्वास ठेवून बसलोय!"

"तेच तर! तू वाट बघतोस, म्हणून तो तोंड लपवतो. शनिवारी लग्न आहे त्याचं. केस कापायला परगावी जातो म्हणतोय. एकदाचं हरू दे ना रे त्याला!"

काकांचा चेहरा उतरला.  ते खुर्चीतून उठले, त्यांनी पेन्सिल घेतली आणि लिहिले, ‘चुकलो. चूक माझी, रादामेसची नाही. फर्मिन.’ इतकी दाबून केलेली सही माझ्यावर दुसरी नाही.

शुक्रवारी रादामेस आला. माझ्यासमोर उभा राहून त्याने ती ओळ वाचली, अक्षरांवरून बोट फिरवले आणि खुर्चीत जाऊन बसला. काका भिंतीकडे बघत होते.

"कसे कापू?" तेओदुलोने विचारले.

"काकांना सोडून कोणालाही विचार," रादामेस म्हणाला. "त्यांचे अंदाज चुकतात."

दुकान हसले. काकाही हसले आणि मग त्याच्याच गळ्यातल्या टॉवेलने त्यांनी डोळे पुसले.

मित्रांनो, आता माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात. तळाची फळी वाळवीने खाल्ली आहे. तेओदुलोचा जावई अधूनमधून रंगाचा डबा घेऊन येतो. त्याला माझे एवढेच सांगणे आहे, की रंग बाहेरून लाव, आतले राहू दे. आणि तुम्हीही कोणावर आशा ठेवाल, तर खुशाल मोठ्या अक्षरांत ठेवा. पण त्या आशेचे त्याला ओझे झाले, तर सही करायला अकरा वर्षे लावू नका.