लॉरेटाच्या घराची दांडी

आमच्या वस्तीचं नाव बदललं तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आम्ही उड्या मारत हो म्हणालो असतो. 'ट्रेलर पार्क', म्हणजे चाकांवर ओढून आणलेल्या घरांची वस्ती, म्हटलं की गावातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दारूच्या बाटल्या, दात पडलेला माणूस आणि साखळीला बांधलेलं कुत्रं उभं राहतं. पैकी कुत्रं आमच्याकडे आहे. जागेच्या नव्या मालकांनी फाटकावर 'मेपल रिज इस्टेट्स' अशी पाटी लावली. इथे मेपलचं झाड नाही आणि टेकडी तर अख्ख्या तालुक्यात नाही. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो, त्यामुळे या नामांतरामागची कारणं मला ठाऊक आहेत. राहतो मात्र इथेच.

पाठोपाठ मॅनेजर ब्रेट दारोदार फिरला. आमच्या घरांच्या तोंडाशी ट्रकला जोडायची लोखंडी दांडी असते. ती म्हणे कापून टाकायची.

"दांडी दिसली की ट्रेलर दिसतो," तो म्हणाला. "कापली की घर!"

काम फुकटात होणार होतं. लोकांनी रांग लावली. मीही लावली.

नाही म्हणाली ती फक्त लॉरेटा कीफर. ही माझी शेजारीण, शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते. तिच्या भावाने शेताच्या कडेचा एक तुकडा तिच्या नावावर करून दिला होता आणि बुधवारी डेल नावाचा ट्रकवाला तिचं घर ओढून तिकडे नेणार होता. डेलची अट एकच, दांडी मूळची हवी. कापून पुन्हा जोडलेली असेल तर तो घराला हात लावत नाही. एकदा जोड सुटला आणि उतारावर घर त्याच्या पुढे निघून गेलं होतं.

त्यात रविवारी मुलीच्या, केंड्राच्या, होणाऱ्या सासरची माणसं जेवायला येणार होती. शनिवारी कापणारा माणूस माझ्या पलीकडच्या घरापर्यंत पोचला, तेव्हा लॉरेटा दांडीवर बसत होती, उठत होती, घराला एक फेरी मारून पुन्हा बसत होती.

"आई, कापू दे ना गं!" केंड्रा म्हणाली.

"आणि बुधवारी घर काय तू ओढणार?"

"मग जाऊच नकोस. इथे काय वाईट आहे?"

"इथे घर माझं आणि जमीन दुसऱ्याची. आज पाटी बदलली, उद्या आपल्याला बदलतील. आणि इथे काही वाईट नाही, तर तुझ्या ट्रेंटला पत्ता सांगताना खाकरतेस का?"

"त्याला वाटतं इथे गोल्फ आहे," केंड्रा म्हणाली आणि रडायला लागली.

मी शिकलेला माणूस, म्हणून मधला मार्ग काढला. दांडीवर फळी टाकली, फळीवर जमिनीपर्यंत लोळणारी चादर आणि वर बटाट्याचं सॅलड. झालं टेबल.

रविवारी ट्रेंटची आई मिसेस ओव्हरमायर गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "अय्या, किती गोड कॉटेज!" केंड्राने श्वास सोडला. हॅम झालं, उकडलेली अंडी झाली. मग ऊन टेबलावर आलं.

"हे जरा सावलीत सरकवू या का?" म्हणत बाईंनी फळी धरली. ती हलेना. "बाई, भलतंच भक्कम!" ट्रेंट मदतीला धावला आणि त्याने असा हिसका दिला की सॅलडसकट चादर त्याच्या अंगावर आली.

"हे काय आहे?" मिसेस ओव्हरमायर म्हणाल्या.

"टेबल," केंड्रा म्हणाली.

"दांडी," लॉरेटा म्हणाली. "बुधवारी घर निघालंय."

"अख्खं घर?"

"हो, स्वयंपाकघरासकट."

"म्हणजे... हे मोबाइल होम आहे?"

"मोबाइल कसलं? मुलगी इथेच जन्मली तेव्हापासून तसूभर हललं नाही. सरळ ट्रेलर म्हणा. आम्ही घरात तेच म्हणतो."

मिस्टर ओव्हरमायरनी आणखी एक अंडं घेतलं. केंड्रा आत गेली आणि तिने दार आपटलं. ट्रेलरचं दार फार हलकं असतं. त्याच्याने नीट आपटलंही जात नाही.

बुधवारपर्यंत मायलेकी बोलल्या नाहीत. डेल आला, त्याने दांडीवर हातोडी मारून आवाज ऐकला, मान डोलावली. पण पुढे झेंडा लावून जाणाऱ्या गाडीचा माणूस आजारी पडला होता आणि तिच्याशिवाय घर रस्त्यावर काढता येत नाही. लॉरेटाने ओसाड झालेल्या अंगणात तीन फेऱ्या मारल्या. तेवढ्यात केंड्राची गाडी आली.

"झेंडा द्या इकडे," ती डेलला म्हणाली.

"ट्रेंट काय म्हणतोय?" लॉरेटाने विचारलं.

"घरात बसून जाता येतं का, विचारत होता."

"आणि त्याची आई?"

"आई, तू गाडीत बस."

लॉरेटा माझ्या गाडीत बसली. पुढे केंड्रा, मग डेल, मग हलत, कुरकुरत चाललेलं घर, आणि मागे आम्ही. पुलापाशी डेलने थांबून चाकं तपासली. आमच्या मागे गाड्यांची ही रांग लागली. लॉरेटा सीटचा पट्टा सोडत होती, लावत होती, पुन्हा सोडत होती.

मागच्या पिकअपमधून एकाने हॉर्न दाबून धरला आणि डोकं बाहेर काढलं. "ए, हलवा की तो ट्रेलर!"

लॉरेटाने काच खाली केली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकून ओरडली, "अरे बाबा, तेच तर चाललंय!"