नवव्या मजल्यावर चार बोटं खाली

एकतीस वर्षं मी न्यूयॉर्कच्या एका उंच इमारतीत लिफ्ट चालवली. जेवढा वर गेलो ते सगळं एकावर एक रचलं, तर चंद्रावर पोचून, तिथे डबा खाऊन परत आलो असतो. जेवढं खाली आलो ते यातून वजा करायला हवं, असं माझी बायको म्हणते. तिला गोष्ट सांगता येत नाही.

तेव्हा लिफ्टला बटणं नव्हती. पितळी दांडा होता आणि तो धरणारा मी, अँब्रोज टली. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी जुळवणं हे सगळं हाताचं काम. माझ्या हातून बोटभरही फरक पडत नसे. सतराव्या मजल्यावरच्या वकिलाची मांजर झोपेतच आत यायची आणि झोपेतच बाहेर जायची.

आणि अशा माणसाच्या मानेवर देवाने विनी आणि लेलँड यांना आणून बसवलं.

मानेवर म्हणजे मानेवरच. लिफ्टमध्ये सगळ्यांनी दाराकडे तोंड करून उभं राहायचं, बाई आत असली की पुरुषांनी हॅट काढून छातीशी धरायची, आणि कोणी कोणाकडे बघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दोघं नेब्रास्कातल्या एकाच कॉलेजातून पदव्या घेऊन आले होते, मंदीच्या ऐन भरात, शहर जिंकायला. विनी हॅस्केल नवव्या मजल्यावर बायकांच्या हॅटची चित्रं काढायची. लेलँड ऑस्टरगार्ड त्याच इमारतीतल्या विमा कंपनीत, जिथे बढती मिळाली की माणूस वरच्या मजल्यावर जायचा. सकाळी तळमजला ते नववा, चाळीस सेकंद, एवढाच काय तो त्यांचा संसार. तोही दोघांनी माझ्या मानेकडे बघत केलेला.

"विने, बाराव्यावर पक्का झालो की लग्न."

बाराव्यावर पक्का झाला. "पंधराव्यावर गेलो की." पंधरावा झाला. "अठरावा एकदा होऊ दे." तीन वर्षं हेच. बाकीची मंडळी रोजची, ऐकून ऐकून कावलेली. अकराव्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर प्लॉटकिन तर त्याचा आवाज आला की दात आवळायचे.

माझ्यासमोर दांड्याची पितळी पाटी होती. मी ती रोज घासायचो, त्यामुळे मागची सगळी तोंडं मला दिसायची. त्याला तिचं दिसत नव्हतं.

त्या सोमवारी लेलँड खुशीत होता. "विने, नऊ वाजता चोविसाव्यावर बोलावलंय. उद्यापासून मी जलद लिफ्टने जाणार." माझी लिफ्ट विसाव्यापर्यंतच, जलद लिफ्ट त्यावरच्या मजल्यांसाठी. "आज शेवटचं तुझ्याबरोबर. पुढचे चार मजले जिन्याने चढेन."

"लेलँड, शिकागोच्या शाखेत मला मुख्य म्हणून बोलावलंय. आजच कळवायचंय."

"हो, हो. बघू. चोविसावा होऊ दे."

पाटीत तिची हनुवटी थरथरली. तो दारावरचा, मजला दाखवणारा काटा बघत होता.

नववा आला. ती उतरली. दार लावलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा मी प्रवाशाशी बोललो.

"पोरा, ती रडत होती."

"विनी? कधीपासून?"

"बाराव्यापासून."

"बारावा अजून यायचाय, मिस्टर टली."

"तू बाराव्यावर होतास तेव्हापासून, गाढवा."

तो म्हणाला, "खाली घ्या."

"वरचं टोक गाठल्याशिवाय लिफ्ट उलटी फिरत नाही. नियम आहे."

मी अकराव्यावर दार उघडलं. "अकरावा, डॉक्टर."

"दिसतोय मला. चल वर."

"तुमचा पेशंट?"

"त्याची दाढ दहा वर्षं दुखतेय. अजून पाच मिनिटं दुखेल."

बाराव्यावर कोणी उतरलं नाही. चौदाव्यावरची टंकलेखक मुलगी म्हणाली, "मी तशीही रोज उशिराच पोचते." विसावा आला. दारासमोर जिना. लेलँडने घड्याळ काढलं, नऊला तीन मिनिटं. आणि त्या शहाण्याने एक पाय बाहेर टाकला. मागून सगळ्यांचा सुस्कारा माझ्या मानेवर आला.

"मिस्टर टली, चोविसाव्यानंतर किती मजले आहेत?"

"बत्तीसपर्यंत."

"म्हणजे अजून आठ."

"सध्या. मालक वर आणखी चढवायचं म्हणतायत."

तो जिन्याकडे बघत राहिला. मग पाय आत घेतला. "खाली."

खाली येताना तो वाक्यं जुळवत होता. "विने, परिस्थितीचा सर्व बाजूंनी विचार करता..." डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. मला कळलं, हा माणूस नवव्यावर उतरून तिला चोविसाव्याचा अहवाल देणार.

नववा आला. लिफ्टशेजारी पत्रं खाली सोडायची काचेची नळी होती. विनी तिथेच उभी, शिकागोला होकार कळवणारं पाकीट फटीत अर्धं घालून. इतका वेळ बाईला ते ना सोडवत होतं, ना मागे घेववत.

मी दांडा किंचित उशिरा सोडला. चार बोटं. लिफ्ट मजल्याच्या खाली थांबली.

लेलँड ऐटीत निघाला, त्याचा बूट कडेला अडला आणि तो थेट दोन्ही गुडघ्यांवर, तिच्यासमोर. हॅट घरंगळत तिच्या बुटांशी.

"ऊठ, पँट फाटेल," विनी म्हणाली.

त्याने मान वर केली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला तिचं तोंड दिसलं, नाक लाल, डोळे सुजलेले. त्याची सगळी वाक्यं विरली.

"आधी उत्तर दे."

"कशाचं? विचारलंयस काही?"

"लग्न करतेस?"

"मी शिकागोला चाललेय."

"मग मीही."

"आणि चोविसावा?"

"तो राहील तिथेच."

विनीने पाकीट सोडलं. ते काचेतून सरसर खाली गेलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मगच तिने त्याला हात दिला. डॉक्टर म्हणाले, "आता कोणीतरी मला अकराव्यावर सोडा."

तळमजल्यावरचे आमचे मुकादम क्विग्ली यांनी वहीत लिहिलं, 'नववा मजला, चार बोटं खाली.' मी चूक कबूल करून सही केली.

दर नाताळला विनीचं कार्ड येतं. लेलँड तिथल्या विमा कचेरीत तळमजल्यावर बसतो, असं ती लिहिते. खाली त्याच्या हातचा एकच शब्द असतो, 'सध्या.'