घरातली झडती

"आता स्टूलही गेलं," तो दाराशी उभा राहून म्हणाला. बूट घालायला रोज ज्या स्टुलावर बसायचा, त्याची जागा मोकळी होती.

"पाय फुटले असतील त्याला," बायको आतूनच म्हणाली.

आधी त्याचा जेवणाचा डबा गेला होता, मग तपकिरी कोट, आता स्टूल. चोर बाहेरचा असता तर मिक्सर सोडून पोचे पडलेल्या डब्याला त्याने हात लावला नसता, एवढं त्याला कळत होतं. म्हणजे चोर घरातला. बायकोवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. विकायचंच असतं तर पहिल्यांदा तुम्हालाच विकलं असतं, असं ती त्याला तोंडावर सांगायची. उरला मुलगा. शिकून घरी बसलेला, मुलाखती देऊन देऊन कंटाळलेला, आणि हल्ली रोज दुपारी 'क्लासला जातो' म्हणून बाहेर पडणारा. कसला क्लास, असं विचारलं की चप्पल शोधायला लागणारा.

बाप कारखान्याच्या फाटकावर झडती घेणारा. सुटीचा भोंगा झाला की कामगार रांगेत हात वर करून उभे राहत आणि हा बगला, कमर, खिसे असा क्रमाने खाली येई. त्याच्या हातून खिळासुद्धा सुटत नसे, म्हणून कामगारांनी त्याचं नाव चाळणी ठेवलं होतं. ते त्याला मनातून आवडायचं. घरी आल्यावरही हात थांबत नसत. मुलगा शाळेत असल्यापासून दारात आला की दप्तर पुढे करी आणि आपणहून हात वर करी. लहानपणी हसत. पुढे पुढे भिंतीकडे बघत.

याच मुलासाठी त्याने साहेबांकडे शब्द टाकला होता. पोरगा हाताचा साफ आहे, जबाबदारी माझी, असं सांगून आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला त्यांच्याकडे घेऊन जायचं होतं. उभा जन्म दुसऱ्यांचे खिसे चाचपले आणि चोर निघाला आपल्याच घरात, तर फाटकावर कोणत्या तोंडाने उभं राहायचं? काय ते आजच कळायला हवं होतं.

दुपारी तो रजा टाकून मुलाच्या मागे निघाला. मुलाच्या खांद्यावरची पिशवी चांगलीच फुगलेली होती. भंगारवाल्याची गल्ली आली, मुलगा वळला नाही. जुन्या कपड्यांचं दुकानही मागे पडलं. चाळणीला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट झालं. माल मोठ्या गिऱ्हाइकाकडे चालला असणार. मुलगा एका नाट्यगृहाच्या मागच्या दाराने आत शिरला. पुढच्या दारावर फलक होता, तरुण मुलांच्या नव्या संगीत नाटकाचा. नाव 'हात वर'. त्याने तिकीट काढलं. दारावरच्या माणसाने त्याच्याकडे न बघताच ते फाडून अर्धं परत दिलं. आमच्या फाटकावर हा एक दिवस टिकला नसता, असं म्हणत तो आत गेला.

पडदा उघडला. रंगमंचावर एक दार आणि दाराशी त्याचं स्टूल. स्टुलावर त्याचा कोट, कोटात खोटी मिशी लावलेला कोणी भलताच पोरगा. शेजारी डबा. नाटकातला मुलगा घरी आला, त्याने आपणहून हात वर केले, बापाने त्याचे खिसे उलटे केले आणि प्रेक्षक खो खो हसले. चाळणीने हसणाऱ्यांचे चेहरे लक्षात ठेवले.

मग तोच मुलगा नोकरी मागायला गेला. तिथे अनुभव विचारला, हात वर. खोली भाड्याने घ्यायला गेला, हात वर. एका मुलीचा भाऊ तिचा फोन तपासत होता. तिचेही हात वर. शेवटी सगळा रंगमंच तसल्या पोरापोरींनी भरला आणि ती गाऊ लागली,

"हात वर, हात वर, बघा काय सापडतं,
रिकाम्या खिशात आमच्या तुमचं काय अडतं?"

आता कोणी हसत नव्हतं. प्रेक्षागृहातल्या काही पोरांनीही बसल्या जागी हात वर केले. रंगमंचावर मागच्या रांगेत त्याचा मुलगा होता. बेसूर गात होता, डोळे मिटून.

सगळा माल सापडला होता, एकही वस्तू विकली गेली नव्हती. पण झडती घेणारा माणूस समोरून कसा दिसतो, हे चाळणीने आजवर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा बाप जमिनीवरच बसला होता. मुलाने सवयीने पिशवी पुढे ठेवली, आणि बापाच्या हातातलं अर्धं तिकीट पाहून थबकला.

"सांगून न्यायचा कोट," बाप म्हणाला.

"सांगितलं असतं तर दिला असता?"

बापाने खरोखर विचार केला. "नसता."

आतली भांड्यांची खुडबुड थांबली.

"तो तुमच्या नाटकातला बाप चुकतो," चाळणी म्हणाला. "एकदम खिशात हात घालतो. आधी बगला बघायच्या."

"दाखवा मग, बाबा," मुलगा म्हणाला आणि त्याने हात वर केले. या वेळी तो भिंतीकडे बघत नव्हता.

चाळणी उठला. दोन्ही तळवे मुलाच्या बगलेखाली गेले आणि तिथेच थांबले. शर्टाखाली बरगड्या लागत होत्या. झडतीशिवाय या पोराला आपण शेवटचा हात कधी लावला, ते त्याला आठवेना.

"जेवत नाहीस का नीट?" त्याने फाटकावरच्या आवाजात विचारलं.

बापाचे हात खाली कमरेकडे येत नव्हते, निघतही नव्हते. मुलाचे अजून वरच होते. ते खाली घेतले तर कुठे ठेवायचे, हे त्यालाही कळेना.