डाव्या दाराचे पापुद्रे

मित्रांनो, मी एक जुनी डाळिंबी रंगाची गाडी आहे, आणि खरं सांगायचं तर माझं डोकं सध्या ठिकाणावर नाही. गाडीला कुठलं आलंय डोकं, असं विचारू नका. बॉनेटखाली जे काही आहे त्यालाच मी डोकं म्हणते. माझ्यावर जीव टाकणाऱ्या माणसानंच माझी साल काढली. आता याचा अर्थ कसा लावायचा, सांगा बघू!

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझ्या पत्र्यावर आधी राखाडी प्रायमर मारला, मग हा डाळिंबी रंग, आणि सगळ्यात वर काचेसारखा एक पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. असतो कागदाहून पातळ, पण ऊन, बर्फ, पाखरांची घाण, सगळं बिचारा तोच अंगावर घेतो. दिसत नाही म्हणून त्याचं नाव कुणी काढत नाही. लोक म्हणतात, "काय सुरेख रंग आहे!" कष्ट याचे आणि कौतुक त्याचं.

मला विकत घेतलं ओनोफ्रे त्रुहियो यांनी. पसंत मात्र त्यांच्या बायकोनं, डेल्फिनानं केलं. दुकानात ओनोफ्रे पांढऱ्या गाडीभोवती घुटमळत होते. डेल्फिना म्हणाली, "ती पांढरी म्हणजे दवाखान्याची वाटते. ही घ्या. नाही तर मी बसनं फिरेन." झालं, मी घरी आले. रामिरो आणि बेलेन ही त्यांची मुलं त्यांना पापा म्हणायची. म्हणून मीही पापाच म्हणते.

आमचं गाव अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, उंचावर. इथलं ऊन दयामाया जाणत नाही. आणि इथे माणसाची पत त्याच्या गाडीच्या चकाकीवर ठरते. रविवारी संध्याकाळी सगळं गाव गाड्या काढून हमरस्त्यावर गोगलगायीच्या चालीनं फिरतं. कुठे जायचं नसतंच. दिसायचं असतं. पापा आयुष्यभर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवर रोलर चालवायचे, दिवसभर धुळीत माखायचे, पण रविवारी मी अशी लखलखायचे की डेल्फिना माझ्या दारात बघून ओठ रंगवायची. पापांनी माझ्यासाठी अंगणात पत्र्याचं छप्परही घातलं. फार सुखाचे दिवस होते ते.

मग डेल्फिना गेली. मुलं मोठी झाली. रामिरो शहरात नोकरीला लागला, बेलेन शाळेची बस चालवू लागली आणि पापांजवळ राहायला आली. पापांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं गोडीगुलाबीनं माझ्या किल्ल्या स्वतःकडे घेतल्या. पापांच्या हाती उरलं एक फडकं आणि पॉलिशचा डबा.

आणि इथूनच माझा गोंधळ सुरू झाला.

पापा सकाळी यायचे. डब्यातली घट्ट पेस्ट फडक्यावर घ्यायचे आणि डाव्या दारापासून, म्हणजे इथे चालकाच्या दारापासून, सुरुवात करायचे. गोल गोल, जोर लावून. घासून झालं की आत कॉफी प्यायला जायचे. थोड्या वेळानं पुन्हा बाहेर येऊन म्हणायचे, "अरेच्चा! आज गाडी पुसायची राहिलीच की!" आणि पुन्हा डावं दार.

मी चक्रावून जायचे. आत्ताच तर पुसलं ना? की ते काल होतं? मला वाटायचं, आपलंच वय झालं, आपल्याच लक्षात राहत नाही. दुपारी बीन्स आणि टॉर्टियाच्या पोळ्या खाऊन पापा पुन्हा हजर. पुन्हा तेच, "अरेच्चा!"

दुसऱ्या गावात असतो तर कुणाला तरी शंका आली असती. पण आमच्या गावात गाडी घासणाऱ्या माणसाला कुणी वेडा म्हणत नाही. शेजारचे सेलेस्तीनो कुंपणापाशी थांबून म्हणायचे, "ओनोफ्रे, तुझ्यासारखा माणूस नाही बाबा! माझी पोरं आठवड्यातून एकदा पाणी मारतील तर शपथ." पापांची छाती फुगायची. माझं दार मात्र झिजत चाललं होतं, कारण त्या पेस्टमध्ये बारीक वाळूसारखी खर असते. ती जुने ओरखडे घालवते म्हणजे वरचा थरच थोडा थोडा खरवडते. वर्षातून एखाद्या वेळी ठीक. रोज तीन-तीनदा म्हणजे अति तिथे माती.

थर पातळ झाला तसं डाव्या दारावर पांढुरके डाग पडले. मग कडा सुटल्या आणि पापुद्रे निघू लागले. पापा ते बघून घाबरायचे. "हे काय झालं तुला?" म्हणायचे आणि आणखी जोरात घासायचे.

रामिरो रविवारी आला आणि माझ्याकडे बघून त्यानं तोंड वाकडं केलं.

"बेलेन, ही गाडी विकून टाकू. उन्हानं खाल्लीय तिला. मी विचारून आलोय. अख्खी रंगवायची तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त मागतात."

"आणि पापा?"

"पापांना काय, चालवतात थोडेच?"

 मी गेले तर पापा सकाळी उठून कुणाकडे येतील? आणि माझं तरी दुसरं कोण आहे?

बेलेन कुंपणापाशी गेली. तिनं सेलेस्तीनोंच्या ट्रककडे पाहिलं. तो वर्षानुवर्षं उन्हात उभा असतो. त्याचं टप आणि बॉनेट सोललेलं, दारं मात्र बरी. मग तिनं माझ्या टपावरून हात फिरवला. गुळगुळीत! "ही तर छपराखाली असते, आणि ऊन वरून पडतं ना रे?" ती रामिरोला म्हणाली. "मग टप चांगलं आणि एकच दार कसं सोललं? तेही बरोबर पापांच्या हाताच्या उंचीवर?"

"मला काय माहीत? मी काय दाराचा डॉक्टर आहे?"

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. बेलेन कॉफीचा कप घेऊन पायरीवर बसून राहिली. पापा आले, दार घासलं, आत गेले. बाहेर आले. "अरेच्चा! आज गाडी पुसायची राहिलीच की!"

बेलेनच्या हातातला कप तसाच राहिला. "पापा, आत्ताच तर पुसलीत."

"मी? छे गं. आत्ताच तर उठलोय."

ती उठून अंगणातल्या खोपटात गेली. तिथे पेस्टच्या रिकाम्या डब्यांची चळत होती. ती तिथेच खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. तेव्हा कुठे मला कळलं, विसरत मी नव्हते. बाई गं, किती दिवस मी उगाच स्वतःवर संशय घेत होते! पण कळलं तेही नीट नाही. ज्यांना सकाळची गोष्ट दुपारी आठवत नाही, त्यांच्या लक्षात मी बरी राहते?

पापांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते बेलेननं फोनवर रामिरोला सांगितलं. तो त्याच दिवशी आला. आल्या आल्या म्हणाला, "फडकं काढून घे त्यांच्याकडून. गाडीवर कव्हर घालून कुलूप लाव."

"आणि ते दिवसभर काय करतील? भिंतीकडे बघत बसतील? अरे, त्यांना माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. पण फडकं कुठे ठेवलंय ते बरोबर आठवतं. तेवढंच उरलंय त्यांच्याजवळ, तेही काढून घेऊ?"

रामिरोनं मान खाली घातली. मग शर्टाच्या बाह्या वर करून म्हणाला, "बरं. सांग काय करायचं."

दोघांनी मला छपराखाली, सावलीतच ठेवलं. आधी साबणानं स्वच्छ धुतलं. सुटलेले पापुद्रे काढले. मग बारीक सँडपेपर पाण्यात भिजवून कडा हळूहळू घासल्या, इतक्या की बोट फिरवलं तर जुना थर कुठे संपतो ते कळू नये. रामिरो घाई करत होता. बेलेन ओरडली, "कड राहिली तर नवा थरही तिथूनच सुटेल, शहाण्या!" बाकीचं अंग कागद आणि चिकटपट्टीनं झाकलं. तोंडाला मास्क बांधून उघड्या पडलेल्या जागी माझ्याच रंगाचा फवारा मारला. तो वाळल्यावर नवा क्लिअर, ज्यात कडक करणाऱ्या रसायनाची कुपी फवाऱ्याच्या डब्यातच फोडून मिसळतात तो. एकदम जाड नाही. पातळ हात, थांबा, पुन्हा पातळ हात. सगळं मिळून शंभर डॉलरच्या आत झालं.

शेवटचा हात अजून ओला होता आणि पापा फडकं घेऊन बाहेर आले. सरळ डाव्या दाराकडे.

रामिरो ओरडणार होता. बेलेननं त्याचा दंड धरला. "पापा," ती म्हणाली, "पलीकडच्या बाजूला किती धूळ बसलीय बघा. ममाची बसायची बाजू."

पापा थांबले. "अगं हो की! डेल्फिना बोलेल मला." आणि ते वळसा घालून उजव्या दाराकडे गेले. डेल्फिनाला जाऊन किती वर्षं झाली. मला वाटलं, बेलेन त्यांची चूक सुधारेल. तिनं नाही सुधारली. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

नव्या थराला महिनाभर तरी मेण लावत नाहीत. तो महिना बेलेन पेस्टचा डबा लपवून ठेवायची आणि रोज नवी सबब काढून पापांना पलीकडे वळवायची. मग तिनं पेस्टचा जुना डबा धुऊन त्यात मऊ मेण भरलं. मेणात खर नसते, ते थराला झिजवत नाही. पापांनी झाकण उघडून वास घेतला. "वास वेगळाय."

"नवा माल आहे, पापा."

"बघू तर." आणि सुरू झाले, गोल गोल.

आता पापा रोज मला पुसतात, दिवसातून कितीही वेळा. तिरप्या उन्हात बघितलंत तर दारावर जुन्या-नव्या थराची पुसट रेघ दिसते, पण मी चकाकते. परवा ते फडकं हातात धरून बराच वेळ उभे राहिले आणि बेलेनला म्हणाले, "पोरी, ही गाडी कुणाची गं?"

"तुमची, पापा."

"छान ठेवलीय. कोण पुसतं हिला?"

"तुम्हीच पुसता."

"मीच?" पापांनी माझ्या दारात स्वतःकडे बघितलं आणि हसले. "मग बरोबर आहे."

मित्रांनो, माझा गोंधळ काही पुरता मिटलेला नाही. माझ्यासारख्या गाड्यांना सावलीत ठेवा आणि रोज घासू नका, हे मी सांगायलाच हवं, आणि सांगते. पण त्याहून मोठी विनंती वेगळीच आहे. तुमच्या घरातल्या कुणाची माया कुणाला सोलून काढत असेल, तर त्याच्या हातातलं फडकं हिसकावून घेऊ नका. त्याच्या डब्यात काय आहे ते बघा, आणि त्याला न सांगता ते बदला.