मिनिटाला एक फेरा

मी बोलत आहे तो एका देव्हाऱ्याचा दरवाजा. देव्हारा आता उरला नाही आणि माझ्यापुढे समईही तेवत नाही. तरी दरवाजा हे नाव मी टाकलेले नाही. उघडणे हा माझा धर्म, आणि तो अजून सुटलेला नाही. पूर्वी मी पहाटे एका क्षणात उघडत असे. आता मिनिटाला एक मिलिमीटर उघडतो. इतका सावकाश का, ते सांगतो.

वालूरच्या मुंजाजी सुताराने चाळीस वर्षांपूर्वी सागाच्या दोन झडपा रंधून मला घडवले. ज्यांच्या घरी मी आलो ते किशनराव जवळच्याच खेड्यातले शेतकरी आणि गावच्या भजनी मंडळाचे पखवाजी. पहाटे स्नान करून ते माझ्यापुढे येत. उजव्या हातात पूजेचे तबक असे, म्हणून मला ते डाव्या हाताने उघडीत. रात्री भजन झाले असले की त्या बोटांच्या पेरांत वाळलेल्या कणकेचा एखादा कण राहिलेला असे. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, हे मला त्या स्पर्शानेच कळले.

पुढे घरात संगमरवरी देव्हारा आला. मला सोयाबीनच्या पोत्यांमागे ठेवण्यात आले. देवाला चांगले घर मिळाले, यात रुसण्यासारखे काही नव्हते. परंतु त्याच हिवाळ्यात किशनरावांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. औषधाने आणि पत्नी पार्वतीबाईंच्या मालिशीने हात हळूहळू चालू लागला, आणि एका एकादशीला ते पुन्हा पखवाजावर बसले. भजन अर्धे झाले असता मंडळाचे प्रमुख दत्तराव उठले, पखवाज अलगद उचलून त्यांनी तरुण महारुद्रापुढे ठेवला आणि म्हणाले, "किशनराव, लय सुटायलीय तुमची. आता तुमी निवांत बसून ऐका."

हे मला कसे कळले? दुसऱ्या दिवशी तो पखवाज गवसणीत घालून माझ्याच शेजारी आणून ठेवला गेला, आणि ठेवताना पार्वतीबाई पतीशी जे भांडल्या त्यात सगळे आले. किशनराव एवढेच म्हणाले, "माझा हात मलाच कळंना झालाय. लोकांशी काय भांडू?"

असे सहा महिने गेले. मग एके दिवशी मला उजेडात काढले ते त्यांच्या सुनेने. प्रियांका वालूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. लग्नसमारंभांत बरीच वर्षे फिरलेला एक जुना कॅमेरा तिने मिळवला होता. मृग नक्षत्रातल्या बाणाच्या जरा खाली एक तेजोमेघ आहे; नुसत्या डोळ्यांना तो पुसट धुक्यासारखा दिसतो, पण कॅमेऱ्याचा डोळा दोन-दोन मिनिटे उघडा ठेवला की त्याचा गुलाबी रंग उतरतो. तो रंग तिला आपल्या वर्गाला दाखवायचा होता. अडचण एकच. पृथ्वी फिरते, त्यामुळे दोन मिनिटांत तारे सरकतात आणि फोटोत त्यांच्या रेघा होतात. कॅमेराही आकाशाबरोबर सरकला पाहिजे.

तिने माझ्या दोन झडपा एकमेकींवर ठेवून एका कडेला बिजागरी बसवली. खालची झडप तिपाईवर घट्ट, वरचीवर कॅमेरा. दुसऱ्या कडेजवळ आट्यांचा एक गज, आणि गजाला तुपाच्या डब्याचे झाकण. झाकण मिनिटाला एक फेरा फिरवले की गज वरची झडप एक मिलिमीटर उचलतो आणि कॅमेरा आकाशाच्या चालीने चालतो. अट एवढीच, की बिजागरीची रेघ ध्रुवाकडे रोखलेली हवी. सारे आकाश ज्याच्याभोवती प्रदक्षिणा घालते, त्याच्याशी माझी बिजागरी बांधली गेली. देवाघरचे लाकूड वाया गेले नाही, असे मला वाटले.

पार्वतीबाईंना तसे वाटले नव्हते. "अगं, देवाच्या दाराला भोकं पाडलीस?"

"देव घर बदलून गेले की, मामी. दार मागं विसरले."

पौषाच्या अंधाऱ्या पंधरवड्यात मला गावाबाहेरच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटापाशी, नेले. प्रियांका मोबाइलचे घड्याळ पाहून झाकण फिरवू लागली. पण घड्याळ पाहणारा हात अडखळत फिरतो, आणि दर अडखळण्याला ताऱ्याला शेपूट फुटते. त्यात मोबाइलच्या उजेडाने डोळे दिपत ते वेगळेच. बाजेवर घोंगडी पांघरून बसलेले किशनराव बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "घड्याळ ठेव ते बाजूला. मिनिटाला एक फेराच ना? हे काम लयीचं हाय."

त्यांनी नाम म्हणून मोजले. संथ लयीत बारा वेळा 'रामकृष्णहरी' म्हटले की मिनिट भरे. मग त्यांनी हात पुढे केला, तो डावा.

"उजव्यानं फिरवा की, मामा," प्रियांका म्हणाली.

"मला ह्यालाच इचारायचंय," ते म्हणाले.

तिला त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला. वर्षभराने तो हात माझ्यावर आला होता. नाम सुरू झाले आणि मी उघडू लागलो. वीस फोटो होईपर्यंत त्या म्हाताऱ्या कंठात नाम थांबले नाही. शेवटी शेवटी त्यांचे डोळे मिटलेले होते आणि मान डोलत होती.

घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले. पहिल्या चारपाच फोटोंत तारे राजगिऱ्याच्या दाण्यांसारखे गोल होते. पुढे ते लांबट होत गेले, आणि शेवटच्या फोटोत तर जिरे सांडल्यासारखे दिसत होते. किशनराव चष्मा सारखा करून ते पाहत राहिले. "दत्तराव खोटं न्हाई बोलला," असे म्हणून ते उठले आणि आतल्या खोलीत निजले. दोन दिवस त्यांनी जपमाळही हातात घेतली नाही. मी ओसरीवर उघडाच पडून होतो. माझ्याच साक्षीने त्यांच्यावर निकाल लागला, याचे मला दुःख होते.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आलेल्या प्रियांकाने ते वीसही फोटो एकामागून एक लावले आणि त्यांना हाक मारली.

"मामा, जरा बघा. हा एकच तारा धरा. पहिल्या फोटोत इथं, पाचव्यात इथंच. दहाव्यात थोडा पूर्वेला. विसाव्यात लय पूर्वेला."

"माझी चूक किती वेळ दाखवशील, पोरी?"

"तेच सांगायलेय. तारा पूर्वेला मागं पडला, म्हणजे कॅमेरा आभाळाच्या पुढं गेला. हात लटपटला असता तर कधी मागं गेला असता, कधी पुढं. हा एकदाही मागं आलेला न्हाई. तुम्ही वेग वाढवत गेलात, आणि तोही किती सारखा वाढवलात!"

उत्तर स्वयंपाकघरातून पार्वतीबाईंचे आले. "भजनाला बसल्यावानी चढवलं असंल! विलंबितात सुरू करायचं आन् शेवटी सगळ्यांना घाम फोडायचा. पन्नास वर्सं हेच करत आले."

किशनराव आधी चकित झाले आणि मग असे हसले, की त्यांना ठसका लागला. लय सुटली नव्हती. प्रेमाच्या भरात ती वर चढली होती. पन्नास वर्षांच्या सेवेचा तो हाताला जडलेला अभ्यास. देवाला चढती लय प्रिय आहे. आकाशाला मात्र एकच चाल ठाऊक.

त्याच संध्याकाळी आम्ही पुन्हा आखाड्यावर गेलो. या खेपेस त्यांनी डोळे मिटले नाहीत. नाम रंगात येऊ लागले की ते स्वतःलाच दटावीत, "दमानं, किशन." तो हात कुठेही घाईला आला नाही, कुठेही रेंगाळला नाही. वीसच्या वीस फोटोंत तारे गोल आले, आणि प्रियांकाने ते एकावर एक रचले तेव्हा पुसट धुक्याच्या जागी गुलाबी तेज उमलले. आरतीच्या तबकात गुलाल सांडावा तसे. पार्वतीबाईंनी नकळत हात जोडले आणि मग सुनेकडे पाहून म्हणाल्या, "पाडलीस ती भोकं बरी केलीस."

बातमी दत्तरावांपर्यंत गेली. ते स्वतः चहाला आले. प्रियांकाने त्यांना दोन्ही दिवसांचे फोटो दाखवून तारा कसा सरकला ते समजावले.

"म्हंजे किशनराव आभाळाच्या बी म्होरं पळाले म्हणा," दत्तराव म्हणाले.

"आभाळाच्या पळालो, तर तुमच्या टाळांची काय कथा!" किशनराव म्हणाले. "त्या दिशी मी चढवत हुतो. तुमी मागं राहिलात."

चहाची बशी खाली ठेवून दत्तरावांनी किशनरावांचा डावा हात हातात घेतला आणि बोटे एकेक करून दाबून पाहिली. "माझी घाई झाली," ते म्हणाले. "येत्या एकादशीला या. आन् चढवायच्या आधी मान हालवा. आमी म्हातारे झालोत."

ती वद्य एकादशी होती, चंद्र उशिरा उगवणारा. किशनराव पखवाज घेऊन देवळात गेले, म्हणून आखाड्यावर मला फिरवायला प्रियांका एकटीच. सोबतीला घोंगडीत पार्वतीबाई. देवळाच्या भोंग्यावरून पखवाजाचा पहिला ठेका शेतावर आला. प्रियांकाने घड्याळ काढलेच नाही. तिने त्या ठेक्यावरच झाकण फिरवायला घेतले. ठेका आधी संथ होता, जमिनीत मुरणाऱ्या पाण्यासारखा. मग तो हळूहळू चढू लागला. तिचा हातही चढू लागला.

"अगं, तारे बिघडतील ना?" पार्वतीबाई म्हणाल्या.

"बिघडू द्या, मामी."

त्या एकादशीचे सारे तारे लांबट आले.

आता घराच्या भिंतीवर, संगमरवरी देव्हाऱ्याशेजारी, दोन फोटो लावले आहेत. एकात तेजोमेघ स्पष्ट आहे. प्रियांकाच्या वर्गातली मुले तो पाहून गेली. दुसऱ्यात, त्या एकादशीच्या, नुसत्या रेघा आहेत. येणारे जाणारे विचारतात, हा बिघडलेला कशाला ठेवला? किशनराव सांगत नाहीत, नुसते हसतात.

मी ओसरीवर असतो. अंगाला भोके आहेत, गजाला तेल आहे, माघात कृत्तिकांचा पुंजका टिपायचा बेत आहे. जाता जाता वाचकांपाशी एकच मागणे मागतो. एखाद्याच्या हातून वाद्य काढून घेण्यापूर्वी, तो हात मागे पडला की पुढे गेला, एवढे एकदा पाहा. तेवढा वेळ दार उघडे ठेवा. मी मिनिटाला एक मिलिमीटर उघडतो, आणि तेवढ्यात आकाश मावते.