कूलर बंद केल्यावर

मार्तंडने रुपरावांची खुर्ची पुन्हा एकदा मागे घ्यायला सांगितली. रुपराव क्लॅरिनेट हातात धरून उठले, खुर्ची सरकेपर्यंत उभे राहिले आणि बसले. आता त्यांची पाठ जवळजवळ भिंतीला टेकत होती.

धरमपेठेतल्या त्या हॉलमध्ये माईक मोजके आणि टेप एकच. सगळ्यांनी एकदमच वाजवायचं. कोण किती ऐकू येणार, हे ज्याच्या त्याच्या खुर्चीच्या जागेवर ठरायचं. उरलेलं अनंत मिक्सरची बटणं फिरवून सांभाळायचा. दिवसा कचेरीत कारकुनी करून मार्तंडने कितीतरी वर्षं अशीच वाद्यं बसवली होती. आज रजा टाकून तो बियाण्यांच्या जाहिरातीचं संगीत करत होता. टेप संध्याकाळपर्यंत द्यायची होती.

रुपराव सकाळच्या एसटीनं उमरेडहून आले होते. लग्नाच्या बँडमध्ये उभी हयात गेलेला माणूस. त्यांचा सूर आता हलतो, असं गेल्या हिवाळ्यापासून बाकीचे म्हणू लागले होते. आजही हललाच तर पुढच्या वेळी दुसरा वादक पाहू, असं मार्तंडने अनंतला सांगून ठेवलं होतं. रुपरावांना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण खुर्ची कशासाठी मागे जाते हे त्यांना कुणी सांगायची गरजही नव्हती.

आणि सूर हलतच होता. सुरुवात ठीक व्हायची, मग क्लॅरिनेट हळूहळू चढायचं आणि व्हायोलिन वाजवणाऱ्या उत्तराच्या सुराशी घासायचं. मार्तंडने कानावरचे हेडफोन काढले. मे महिन्याची दुपार, दारं-खिडक्या बंद. कूलरची घरघर टेपवर येते म्हणून प्रत्येक वेळी तो बंद करावा लागे, आणि वाजवून होताच सगळे आधी कूलरकडे पाहत.

"कूलर लावा गा," ताराचंद म्हणाला. तो तबल्याच्या कडेच्या गजऱ्याला खालून हातोडी मारत होता.

"सूर उतरवतोयस की चढवतोयस?" मार्तंडने विचारलं.

"उतरवून राहिलो. कूलर बंद झाला का चढते हा. चामडं सुकते ना."

मार्तंडने बंद कूलरकडे पाहिलं. चूक इतकी साधी होती की तिचा त्याला रागही आला नाही. वाद्यं सुरात मिळवून घेतली होती कूलरच्या ओल्या गारव्यात आणि वाजवली जात होती तापलेल्या हॉलमध्ये. उष्णतेनं क्लॅरिनेट चढणार, व्हायोलिनच्या तारा उतरणार. त्याची रेकॉर्डिंगं बहुतेक हिवाळ्यात होत. म्हणून उन्हाळ्यातलं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोघं एकमेकांपासून दूर जात होते आणि भिंतीकडे सरकत होते एकटे रुपराव.

त्याने कूलर लावू दिला नाही. घामाघूम होऊन सगळ्यांनी त्या उकाड्यातच वाद्यं पुन्हा मिळवली. सूर उतरावा म्हणून रुपरावांनी क्लॅरिनेटचा सांधा किंचित बाहेर ओढला. मार्तंडने स्वतः त्यांची खुर्ची उचलून माईकजवळ आणली.

"आता काहून पुढं?" रुपरावांनी विचारलं.

"चूक माझी होती, रुपरावजी."

या खेपेला सूर शेवटपर्यंत जागेवर राहिला. पण माईक जवळ होता, आणि मधल्या लांब ओळीत रुपरावांचा दम तुटला तो स्वच्छ ऐकू आला. त्यांनी ओळ पुरी केली, अर्धी हवेवर. वाजवणं संपल्यावर कुणीच कूलरकडे पाहिलं नाही.

"मी मागंच बरा होतो," रुपराव म्हणाले. "पहिलं वाजवलेलंच द्या ना. त्याच्यात मी ऐकू येत नाही."

अनंतने मार्तंडकडे पाहिलं. तसं करणं सोपं होतं, आणि सगळे दमले होते. मार्तंडने पेन्सिल घेतली, लांब ओळ मधोमध तोडली आणि पुढचा भाग उत्तराच्या व्हायोलिनच्या कागदावर उतरवला.

"इथं तुम्ही थांबा. पुढं उत्तरा उचलेल. शेवटी तुम्ही परत या."

रुपरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "म्हंजे दम नाही राहिला, हे लिहूनच देल्लं तुम्ही."

"मीही दमलोय, रुपरावजी."

"तुम्ही बसून दमले गा."

ताराचंद हसला. मार्तंडलाही हसू आलं, पण ते चेहऱ्यापर्यंत आणायचं त्राण नव्हतं.

पुन्हा वाजवलं. क्लॅरिनेट थांबलं तिथं व्हायोलिन आलं, एक क्षण आधीच, घाईनं. जोड किंचित जाणवत होता. आणखी एकदा घ्यायचं का, असं अनंतने खुणेनं विचारलं. मार्तंडने मान हलवली. नको.

रुपराव क्लॅरिनेट पुसत होते. "पुढच्या वेळी?" त्यांनी वर न पाहता विचारलं.

"असंच लिहीन. दोघांत."

"मंग उत्तराबाईले सांगा," रुपराव म्हणाले, "माहा दम पुरा संपू द्या म्हणा. तोवर तिनं वाट पाहावी."