निघायच्या आधी पोचणारं विमान

ओस्मोच्या धाकट्या मुलीचं, पिर्क्कोचं लग्न झालं ते १९९१ साल. तुर्कूतल्या त्या लग्नाला स्टॉकहोमची थोरली बहीण आल्ली यावी, एवढीच ओस्मोची इच्छा. आई गेल्यावर त्याला तिनंच वाढवलं होतं. पुढे ती स्वीडनला कारखान्यात लागली आणि तिथलीच झाली.

बोटीत दोघाही भावंडांना उलट्या होत, म्हणून उरलं विमान. आल्ली म्हणे, या वयात दोन तास हवेत लटकणार नाही. ओस्मोनं फोनवर समजावलं की अंतर अडीचशे किलोमीटर, तासही लागत नाही. त्यावर तिनं वर्तमानपत्रातलं वेळापत्रक कापून पाठवलं. तुर्कूहून सुटतं आठला, स्टॉकहोमला पोचतं आठला पाच कमी. उलट फेरी नऊची, पोचते अकराला पाच कमी. खाली तिनं लिहिलं होतं, ‘तू निघायच्या आधी पोचतोस, माझे मात्र दोन तास जातात. तेव्हा तूच भेटून जा, आणि लग्नाचा आग्रह सोड.’

स्टॉकहोमचं घड्याळ तुर्कूपेक्षा तासभर मागे असतं हे दोघांनाही ठाऊक होतं. पण आल्लीशी वाद घालून आजवर कोणी जिंकलं नव्हतं.

ओस्मोची बायको साइमी बटाटे सोलता सोलता म्हणाली, “तिला भित्री म्हणतोस, तू तरी कधी विमानात बसलायस?”

हे लागलं. लग्नाला आठवडा असताना ओस्मो आठच्या विमानात बसला. खुर्चीचे हात त्यानं असे आवळून धरले की शेजारच्या बाईनं त्याला गोळी देऊ केली. उतरल्यावर सगळ्यांनी घड्याळं मागे केली. त्यानं हट्टानं केलं नाही.

आल्लीनं कॉफी टाकलीच होती. वेलचीचा पाव कापत ती म्हणाली, “आलास ना? वेळ लागला का काही?”

ओस्मोचं लक्ष चुलीवरच्या भिंतीकडे गेलं. तिथलं घड्याळ दहा दाखवत होतं. त्याच्या मनगटावरही दहाच.

“हे पुढे आहे.”

“पुढे कसलं? बरोबर आहे,” आल्ली फणकारली. “चाळीस वर्षं घरचीच वेळ लावते मी. तुमची सौनाची वाफेची न्हाणी कधी तापली, तुम्ही कधी जेवलात, एरवी मला कळणार कसं?”

“म्हणजे तुझ्याच घड्याळात मी आठला निघालो आणि नऊला पाच कमी असताना उतरलो. जातानाही तेवढंच लागेल. दोन तास कुठले काढलेस, बाई?”

आल्लीनं पावाचा तुकडा उगाच दोनदा कापला. मग खाली मान घालून म्हणाली, “मला भीती वाटते रे.”

“मलापण. वाटेत डोळे मिटून होतो.”

दोन दिवसांनी नऊच्या विमानात दोघं एकमेकांचा हात धरून बसली. लग्नात आल्ली तीनदा नाचली, आणि आपण नऊला निघून अकराला पोचलो असं प्रत्येक पाहुण्याला सांगत सुटली. ओस्मोनं एकदाही दुरुस्त केलं नाही.

आल्ली १९९३ च्या मार्चच्या तीन तारखेला, बुधवारी सकाळी, स्टॉकहोमला वारली. चुलीवरचं घड्याळ तेव्हाही घरचीच वेळ दाखवत होतं.